पेडलबोर्डवर गिटारचा इफेक्ट्स प्रोसेसर बसवताना: मोजणीपासून मंडपातल्या अर्थिंगपर्यंत

पहिला इफेक्ट्स प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजाला निरनिराळे परिणाम देणारे यंत्र, घेतल्यावर बहुतेक जण तो घरी जमिनीवर ठेवून, सोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटात लावून वाजवतात आणि तोवर सगळे सुरळीत चालते. अडचणी सुरू होतात त्या कार्यक्रमांसाठी बाहेर पडल्यावर. सोबत वाह (आवाज 'वाव-वाव' करणारे) आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारे) अशी पेडल्स, म्हणजे एकेक परिणाम देणारी पायाने चालवायची छोटी यंत्रे, येतात, दर वेळी आठ-दहा केबल्स जोडाव्या आणि काढाव्या लागतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी स्टेजवर दहा मिनिटे उरलेली असताना आवाज का येत नाही हे शोधत बसावे लागते. मी गेली चौदा वर्षे ऑर्केस्ट्रात आणि लहान बँडमध्ये गिटार वाजवत आहे. या काळात ही सगळी यंत्रे एकत्र बसवायचे तीन बोर्ड स्वतःसाठी बांधले, त्यातले पहिले दोन पुन्हा उकलावे लागले. दोन्ही वेळा कारण एकच होते: प्रोसेसरला मी एक मोठे पेडल समजलो होतो.

प्रोसेसर हे मोठे पेडल नव्हे. त्याला साध्या पेडलच्या कितीतरी पट करंट लागतो, तो तापतो, आणि त्याची जवळजवळ सगळी सॉकेट्स पाठीमागे असतात. त्यामुळे बोर्डाची रचना प्रोसेसरच्या पाठीपासून सुरू करावी आणि चिकटवण्याचे काम सर्वांत शेवटी करावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. उदाहरण म्हणून मी लाइन ६ कंपनीचा एचएक्स स्टॉम्प घेतला आहे, कारण माझ्याकडे तोच आहे. २०१८ साली आलेले हे यंत्र सुमारे १८ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर खोल असून त्याला पायाने दाबायची तीन बटणे आहेत. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा असला तरी कामाचा क्रम हाच राहतो.

या लेखात केबलच्या टोकाला असतो त्याला जॅक आणि तो जिथे खुपसतो त्याला सॉकेट म्हटले आहे. आपल्याकडे वादक आणि साउंडवाले साधारण असेच बोलतात.

लागणारे साहित्य

- बोर्ड. तयार मिळणारा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा चालेल, किंवा सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायवूडचा करून घेता येईल.
- मोनो केबल चार-पाच मीटर आणि ६.३५ मिलिमीटरचे जॅक, शक्यतो एल आकाराचे.
- सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, वायर सोलायची पक्कड.
- मल्टीमीटर. बाकी कशातही काटकसर केली तरी चालेल, पण मल्टीमीटरशिवाय हे काम हाती घेऊ नये.
- स्वतंत्र आउटपुट असलेला पॉवर सप्लाय आणि प्रोसेसरचा स्वतःचा अडॅप्टर.
- वेल्क्रो किंवा ड्युअल लॉक, आयसोप्रोपिल अल्कोहोल, केबल टाय, मोजपट्टी, खडू.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या दोन ठिकाणी यातले इलेक्ट्रॉनिक्सचे सामान एका फेरीत मिळते.

१. साखळी कागदावर काढा

कोणते पेडल कोणानंतर येणार हे आधी कागदावर काढावे आणि प्रत्येक रेघेपाशी केबलची संख्या लिहावी. सर्वांत सोपी साखळी अशी असते: गिटारमधून वाहमध्ये, वाहमधून ओव्हरड्राइव्हमध्ये, तिथून प्रोसेसरच्या इनपुटमध्ये आणि प्रोसेसरच्या आउटपुटमधून मिक्सरकडे किंवा अँपकडे (अँप्लिफायरकडे). ट्यूनर प्रोसेसरमध्येच असतो, म्हणून त्याचे वेगळे पेडल बोर्डावर ठेवून जागा अडवू नये. जुन्या धाटणीचा फझ (आवाज फाडणारे पेडल) असेल, तर तो गिटारनंतर लगेच ठेवावा, कारण त्याला मध्ये कोणताही बफर (सिग्नल जोरकस करणारे सर्किट) सहन होत नाही आणि त्याचा आवाज पातळ व कर्कश होतो.

अँपला स्वतःचे सेंड आणि रिटर्न (सिग्नल बाहेर देणारे आणि परत घेणारे सॉकेट) असतील, तर चार केबलची पद्धत वापरता येते. पेडल्समधून येणारा सिग्नल प्रोसेसरच्या इनपुटमध्ये जातो. प्रोसेसरच्या सेंडमधून तो अँपच्या इनपुटमध्ये जातो. अँपच्या सेंडमधून प्रोसेसरच्या रिटर्नमध्ये परत येतो. आणि प्रोसेसरच्या आउटपुटमधून अँपच्या रिटर्नमध्ये संपतो. असे केल्याने डिले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनीचे परिणाम) अँपच्या प्रीअँपनंतर (आवाज घडवणाऱ्या पहिल्या भागानंतर) येतात आणि डिस्टॉर्शनमध्ये त्यांचा चिखल होत नाही. एचएक्स स्टॉम्पच्या सेंडला डाव्या-उजव्या बाजूंसाठी मिळून एकच स्टिरिओ सॉकेट आहे. तिथे साधी मोनो केबल लावली, तर फक्त डावी बाजू मिळते आणि या पद्धतीसाठी तेवढी पुरते.

ज्यांचे वाजवणे मुख्यतः मंडपात आणि सभागृहात, थेट मिक्सरमध्ये होते, त्यांनी चार केबलच्या पद्धतीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन केबल कमी म्हणजे बिघाडाच्या चार जागा कमी.

२. जमिनीवर मांडणी करा

बोर्डाच्या मापाचा चौकोन फरशीवर खडूने आखावा आणि पेडल्स, प्रोसेसर, सगळ्या केबल्स त्यात खरोखर जोडून ठेवाव्यात. नुसती पेडल्स मांडून जागा पुरते असे ठरवणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे, कारण सरळ जॅक सॉकेटच्या बाहेर पाच-सहा सेंटिमीटर येतो आणि एल जॅकला दोन-अडीच सेंटिमीटर तरी लागतात. प्रोसेसरच्या मागे किमान एवढी मोकळी जागा सोडावीच लागते. माझ्या पहिल्या बोर्डावर मी प्रोसेसरच्या मागे पेडल्सची रांग अगदी खेटून लावली होती. ती चिकटवून झाल्यावर यूएसबीची केबल आत जाईना, आणि साधा अपडेट करायचा तरी प्रोसेसर उचकटावा लागे.

त्यानंतर कार्यक्रमात घालता तेच बूट पायात घालून उभे राहावे आणि प्रत्येक बटण दाबून पाहावे. अनवाणी पायाला सहज मिळणारे मधले बटण बुटाच्या रुंद तळाखाली शेजारच्या बटणासह दाबले जाते. प्रोसेसर पुढच्या रांगेत ठेवला, तर पाय सहज पोहोचतो; मागे ठेवायचा झाला, तर त्याखाली चार-पाच सेंटिमीटर उंचीची पायरी द्यावी. वाह उजव्या कडेला आणि पॉवर सप्लाय डाव्या कडेला, असे शक्य तितके दूर ठेवावेत, कारण बऱ्याच वाह पेडल्समध्ये तारेचे वेटोळे असते आणि जवळचा ट्रान्सफॉर्मर त्यात घुमत राहतो.

मांडणी पटली की वरून एक फोटो काढून ठेवावा.

३. विजेचा हिशेब

प्रत्येक यंत्रासाठी चार गोष्टी लिहून काढा: किती व्होल्ट, किती मिलीअँपिअर, एसी की डीसी, आणि मधली पिन धन की ऋण. ही माहिती यंत्राच्या तळाशी किंवा सॉकेटपाशी छापलेली असते. बहुतेक गिटार पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि मधली पिन ऋण असते. घरातल्या राउटरच्या किंवा स्पीकरच्या अडॅप्टरमध्ये मात्र ती बहुधा धन असते. दोन्हींचे टोक दिसायला सारखेच असल्याने घाईत चूक होते. माझे एक डिले पेडल अशाच एका अडॅप्टरने गेले. आवाज नाही, धूर नाही, फक्त जळक्या प्लॅस्टिकचा हलका वास आला आणि दिवा परत लागला नाही.

व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलीअँपिअरचे तसे नसते: सप्लायची क्षमता यंत्राच्या गरजेपेक्षा जास्त असली तरी काही बिघडत नाही, कारण यंत्र लागेल तेवढाच करंट ओढते, कमी असली, तर प्रोसेसर सुरू होता होता बंद पडतो किंवा भर गाण्यात पुन्हा सुरू होतो. साध्या ओव्हरड्राइव्हला वीस मिलीअँपिअरही लागत नाहीत, डिजिटल डिलेला पन्नास-शंभर लागतात, आणि एचएक्स स्टॉम्पसोबत कंपनी ९ व्होल्टचा तब्बल ३ अँपिअरचा, म्हणजे ३००० मिलीअँपिअरचा अडॅप्टर देते. पेडल्सच्या सप्लायचे एक आउटपुट बरेचदा १०० मिलीअँपिअरचे असते. म्हणून प्रोसेसरला त्याचाच अडॅप्टर द्यावा आणि तो बोर्डाखाली पक्का बांधावा, असा माझा सल्ला आहे. काही जुन्या यंत्रांना एसी अडॅप्टर लागतो. त्यांना डीसी देऊन चालत नाही आणि डीसीच्या यंत्राला एसी तर कधीच देऊ नये.

एकाच अडॅप्टरला माळेसारखी वायर लावून सगळी पेडल्स चालवता येतात आणि चार साध्या पेडल्सपुरते ते स्वस्तात भागते. पण त्याच माळेत प्रोसेसर किंवा डिजिटल पेडल घातले, तर त्याच्या आतल्या घड्याळाची (ठोके देणाऱ्या सर्किटची) किणकिण सामायिक ग्राउंडवरून (परतीच्या तारेवरून) ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि गेन (सिग्नलची वाढ) वाढवला की रातकिड्यासारखा बारीक आवाज ऐकू येतो. प्रत्येक आउटपुट विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तोडलेला सप्लाय घेणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

टोकाच्या मापाकडेही पाहावे. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर सारखाच असला तरी आतली पिन २.१ किंवा २.५ मिलिमीटरची असू शकते. २.५ चे टोक २.१ च्या पिनेवर बसते, पण सैल. मग बटण जोरात दाबल्यावर क्षणभर वीज जाते आणि दोष प्रोसेसरवर येतो.

४. केबल्स बनवा आणि तपासा

तयार पॅच केबल्स वापरल्या तरी चालते, परंतु त्या हव्या त्या लांबीच्या मिळत नाहीत आणि उरलेल्या वेटोळ्यांनी बोर्ड भरून जातो. स्वतः बनवायच्या असतील, तर जमिनीवरच्या मांडणीत सुतळी धरून लांबी मोजावी आणि प्रत्येक केबलला तीन-चार सेंटिमीटर ढिलाई द्यावी.

जोडणी सोपी आहे. मधली तार जॅकच्या टोकाला आणि बाहेरची जाळी बाहेरच्या भागाला जोडायची. एक सापळा मात्र इथे आहे. अनेक गिटार केबल्समध्ये जाळीच्या आत, मधल्या तारेच्या आवरणावर, काळ्या प्लॅस्टिकचा आणखी एक पातळ थर असतो. तो साध्या आवरणासारखा दिसतो, पण तो विद्युतवाहक असतो. तो मागे सोलून काढला नाही आणि त्याची कड टोकाच्या सोल्डरला टेकली, तर सिग्नल हळूच ग्राउंडमध्ये झिरपतो: केबल बंद पडत नाही, पण आवाज दबलेला येतो. ब्लेडने हा थर गोल हलका कापून नखाने मागे ओढावा, म्हणजे आतले पांढरे किंवा पारदर्शक आवरण दिसते. सोल्डरिंग करताना आयर्न जॅकच्या पत्र्याला टेकवावे, पत्रा तापला की सोल्डर पत्र्याला लावावा. तो पाण्यासारखा पसरून चकाकला पाहिजे. गोळा होऊन मळकट राहिलेला जोड हलवला की तुटतो.

प्रत्येक केबल मल्टीमीटरच्या बीपवर तपासा. टोक ते टोक बीप हवा, बाहेरचा भाग ते बाहेरचा भाग बीप हवा, टोक ते बाहेरचा भाग मुळीच बीप नको. तपासताना केबल दोन्ही टोकांशी वाकवून पाहावी. तयार विकत आणलेल्या केबल्सनाही हीच परीक्षा द्यावी.

एक्स्प्रेशन पेडलची (पायाने वर-खाली करून एखादे प्रमाण बदलायच्या पेडलची) केबल वेगळी असते. काही पेडल्सना स्टिरिओ केबल लागते, काहींना मोनो पुरते, आणि टोक व मधल्या कड्याचा क्रमही कंपनीगणिक बदलतो. प्रोसेसरच्या माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणेच केबल वापरावी, नाहीतर पेडल उलटे चालते किंवा मधूनच उडी मारते.

५. बोर्डाच्या कडेला जंक्शन द्या

प्रोसेसरची सॉकेट्स बहुधा आतल्या सर्किट बोर्डवरच सोल्डर केलेली असतात. दर कार्यक्रमाला त्यांत लांब केबल खुपसली, कोणी तिला अडखळले, की धक्का थेट सर्किटला बसतो. त्याऐवजी बोर्डाच्या कडेला एक छोटी डबी बसवून तिच्यात इनपुट, आउटपुट आणि गरजेप्रमाणे सेंड-रिटर्नची सॉकेट्स लावावीत आणि तिथून आत छोट्या केबल्स कायमच्या न्याव्यात. झिजले, तर ते बाहेरचे सॉकेट स्वस्तात बदलता येते.

डबीला सॉकेटच्या कॉलरच्या मापाची भोके पाडली की सॉकेट्स नीट बसतात. डबी धातूची असेल आणि तुम्ही चार केबलची पद्धत वापरणार असाल, तर प्लॅस्टिकच्या कॉलरची सॉकेट्स घ्यावीत, नाहीतर सगळी ग्राउंड डबीतच एकमेकांना मिळतात आणि हम (सततची घुमघुम) यायला एक वाट तयार होते.

६. आता प्रोसेसर बसवा

तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा होऊ द्यावा. रबरी पाय काढून एका पुडीत जपून ठेवावेत. अनुक्रमांकाच्या लेबलवर वेल्क्रोची पट्टी चिकटवू नये. वॉरंटीसाठी ते लेबल लागते, आणि दुसरे म्हणजे पकड पट्टीची नव्हे, लेबलच्या गोंदाची राहते. माझा प्रोसेसर एकदा टेम्पोतून जाताना बोर्डावरून सुटला, तेव्हा पट्टी बोर्डाला घट्ट होती आणि तिच्यावर लेबल उलटे चिकटलेले होते.

वेल्क्रोची मऊ बाजू बोर्डावर आणि खरखरीत बाजू यंत्राखाली लावण्याचा प्रघात आहे आणि तोच पाळावा, म्हणजे मित्राचे पेडलही आपल्या बोर्डावर बसते. किलोभराच्या आसपास वजनाच्या प्रोसेसरला मात्र मी ड्युअल लॉक वापरतो. त्यात दोन्ही बाजूंना छत्रीसारख्या टोकांचे दांडे असतात आणि ते एकमेकांत कट्ट आवाज करून अडकतात. दहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या पुरतात. संपूर्ण तळ भरला, तर तो पुन्हा निघता निघत नाही. हवेसाठीच्या फटी झाकू नयेत. पट्टी दाबून लावल्यावर किमान एक दिवस तिच्यावर ओझे देऊ नये. कोकणात किंवा भर पावसाळ्यात हे काम करत असाल, तर तळावर डोळ्यांना न दिसणारा दमटपणा असतो. अशा वेळी पंख्याखाली तासभर ठेवून मगच पट्टी लावावी.

साध्या पेडल्ससाठी सायकलच्या चेनच्या कड्या तळाच्या स्क्रूखाली अडकवून बोर्डाला पक्क्या करण्याची पद्धतही चांगली आहे. प्रोसेसरला ती करू नये, कारण त्यासाठी मूळचे स्क्रू काढून लांब स्क्रू घालावे लागतात आणि ते आत कशाला टेकतील हे बाहेरून दिसत नाही.

७. केबल्स बांधा

२३० व्होल्टची वायर एका कडेने आणि ऑडिओच्या केबल्स दुसऱ्या कडेने न्याव्यात. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडाव्यात, समांतर एकत्र बांधू नयेत. केबल टाय घट्ट आवळू नये. केबल बोटाने सरकली पाहिजे. अडॅप्टरचे टोक यंत्राजवळ एका टायने बोर्डाला बांधून ठेवावे, म्हणजे बोर्ड उभा धरला तरी ते निसटत नाही. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहून लावावा. अंधाऱ्या स्टेजवर मोबाइलच्या उजेडात हे आकडेच कामाला येतात.

८. पहिल्यांदा चालू करा

आधी बोर्ड चालू करावा, प्रोसेसर पूर्ण सुरू होऊ द्यावा आणि सर्वांत शेवटी अँप किंवा मिक्सरचा चॅनल उघडावा. बंद करताना क्रम उलटा ठेवावा. आउटपुटची पातळी अँपच्या इनपुटसाठी इन्स्ट्रुमेंट आणि मिक्सरच्या लाइन इनपुटसाठी लाइन अशी प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये निवडावी. मिक्सरला जाताना कॅबिनेटचा ब्लॉक (स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा भाग) चालू असावा, अँपच्या रिटर्नमध्ये जाताना तो बंद असावा.

हम आला, तर केबल्स उपसू नका, साखळी निम्म्यावर तोडून पाहा. गिटार थेट प्रोसेसरमध्ये लावा. हम गेला, तर दोष आधीच्या पेडल्समध्ये आहे. राहिला, तर प्रोसेसरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. गिटार हातात धरून जागेवरच वळल्यावर हम कमी-जास्त होत असेल, तर बोर्डाचा काही दोष नाही: गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन पकडणारा, एकाच वेटोळ्याचा भाग) जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा एलईडी लाइटच्या डिमरचा आवाज पकडत आहे. चार केबल लावल्यावरच हम येत असेल, तर तो ग्राउंडच्या फेऱ्याचा, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडले गेल्याचा, असतो. अँप आणि बोर्ड एकाच एक्स्टेन्शनवर आणल्याने तो पुष्कळदा जातो.

९. मंडपात पोहोचल्यावर

वरच्या सगळ्या पायऱ्यांत चूक झाली, तर आवाज बिघडेल. इथे चूक झाली, तर जीव जाऊ शकतो. गणेशोत्सवात किंवा लग्नात वीज अनेकदा जनरेटरवरून आणि दोन तारांच्या तात्पुरत्या वायरिंगवरून येते. तीन पिनांच्या सॉकेटातले वरचे जाड भोक दिसते, पण त्यामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. गिटारच्या तारा बोर्डामार्फत एका लाइनच्या ग्राउंडला आणि माइक मिक्सरमार्फत दुसऱ्या लाइनच्या ग्राउंडला जोडलेला असतो. गाता गाता ओठ माइकला लागला की या दोहोंमधला करंट शरीरातून जातो.

म्हणून बोर्ड लावण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्यावे. पहिले साधारण २३० आणि दुसरे दोन-चार व्होल्टच्या आत असले पाहिजे. फेज ते अर्थ शंभरच्या आसपास काहीतरी दिसले, तर अर्थिंग तुटलेले आहे असेच समजावे. सगळे जोडून झाल्यावर मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावावे. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर माइकजवळ जाऊ नये आणि साउंडवाल्याला लगेच सांगावे. मला एकदा पावसात भिजलेल्या स्टेजवर या जागी ९० व्होल्ट दिसले होते. कार्यक्रम वीस मिनिटे उशिरा सुरू झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, पण तोवर मंडपाच्या मागे लोखंडी सळई जमिनीत ठोकून जनरेटरच्या अंगाला तार जोडून झाली होती.

हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन तोडण्याचा किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देतो. तो कधीही मानू नये. डीआय बॉक्सवर (सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचे बटण असते; ते फक्त ऑडिओ केबलचे ग्राउंड तोडते, विजेचे अर्थिंग शाबूत राहते, आणि हम बहुधा तेवढ्यानेच जातो. मी डीआय बॉक्स, सॉकेट टेस्टर आणि एक जादा पॅच केबल बोर्डाच्या पिशवीतल्या बाहेरच्या खिशात ठेवतो, आणि मंडपात पोहोचल्यावर गिटारच्या आधी तो खिसा उघडतो.